तोदाविया नो

माझी खोली चार चाकांवर आहे.
पुढचं डावं चाक कुरकुरतं,
त्यामुळे मी येतेय हे तिसरीच्या वर्गाला
माझ्या आधी कळतं.
गाडीवर फळांची चित्रं, मान डुगडुगणारं कापडी गाढव,
बोटानं काटे फिरवायचं पुठ्ठ्याचं घड्याळ,
आणि पिशवीत माझे बर्फानं भिजलेले बूट.

तिसरीतली मुलं भाषा चावून बघतात.
पेर्रो म्हणजे कुत्रा, पेरो म्हणजे पण.
सिग्ने ट्वेटन उभी राहून सांगते,
माझ्या घरी एक पण आहे, काळा,
तो सोफ्यावर झोपतो.
मी लगेच दुरुस्त करत नाही.
असेलही. माझ्याही घरी दोन-तीन आहेत.

स्पॅनिशमध्ये टेबल बाई आहे हे ऐकून
सगळे वाकून टेबलाखाली बघतात.
हसू नका, मी म्हणते, आणि आधी मीच हसते.

आणि वाक्याच्या सुरुवातीलाच
हे उलटं प्रश्नचिन्ह कशाला?
विचारणार आहोत हे आधी कळावं म्हणून,
मला इतकंच ठाऊक.
पण गोठलेल्या तळ्याला भोक पाडून
मासे धरणाऱ्यांची ही विस्कॉन्सिनची पोरं,
त्यांना माझ्याहून नीट समजतं:
गळ आहे तो, बाई.
आधी गळ टाकायचा, मग गप्प बसायचं.

दुपारी पार्किंगमधल्या चिखलबर्फातून
गाडी ढकलत मोठ्यांच्या शाळेत.
तीच मुलं, चार वर्षांनंतरची.
इथे कुणी काही चावत नाही.

कॉर्बिन हाउगेन, सातवी, मागची रांग, डोक्यावर हुडी.
तिसरीत असताना याचा 'र्र'
बापाच्या ट्रॅक्टरसारखा सुरू व्हायचा,
थंडीत दोनदा खोकून, मग धडधडत.
आता हजेरीलाही तोंड उघडत नाही,
बोट वर करतो, तेही अर्धं.
बारा वर्षं बघतेय मी.
पाचवी आणि सातवीच्या मधे
एक उन्हाळा येतो आणि तोंडं मिटतात.
नेमका कुठला आठवडा, ते कधी सापडलं नाही.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी
घंटा झाल्यावर तो गाडीपाशी रेंगाळला.
बाहीला गोठ्याचा वास.
"थांब, इतक्यात नको," हे कसं म्हणतात?
कुणाला म्हणायचंय?
एवारिस्तोला. आमच्याकडे काम करतो, वेराक्रूझचा.
गाय अडली की तो म्हणतो हाला, हाला.
म्हणजे ओढ.
आणि मला वाटत असतं, अजून वेळ आहे.

हाला मी कधीच शिकवलं नव्हतं.
टेक्सासात माझ्या मामाच्या तोंडी असायचं ते,
विहिरीचा दोर हातात असताना.
पाठ्यपुस्तकात नाही.
माझ्या गाडीवरच्या चित्रातही गाय आहे,
गुलाबी ओठांची. ती कधी वीत नाही.

तोदाविया नो, मी म्हणाले.
त्यानं ते तोंडात धरलं,
कढत घोट धरावा तसं, जरा गाल फुगवून.
दार ढकलता ढकलता पुन्हा म्हणाला,
मला नाही, दाराला.

पुढे काय झालं, मी विचारलं नाही.
कुणाचा अंदाज बरोबर निघाला,
वासरू उभं राहिलं का.
विचारायला हवं होतं बहुतेक.
पण दुसऱ्या दिवशी तो पुन्हा हुडीत होता
आणि मला धीर झाला नाही.

शुक्रवारी चाचणी. क्रियापदांच्या दहा ओळी.
चार बरोबर. उरलेल्या सहांवर
बारीक पेन्सिलीनं, सहाही वेळा:
तोदाविया नो.
वरचा तो छोटा तिरका फटकाराही
एकदासुद्धा चुकला नव्हता.

मी चार गुण दिले. चारच.
आणि जिथे शेरा लिहितात, तिथे
एक उलटं प्रश्नचिन्ह काढलं,
पुढे काही न लिहिता.
मग गप्प बसले.