की-मॅन

भुसावळच्या कॉलेजात काल मी
जंतूंच्या सहा थाळ्या जांभळ्या दिव्याखाली धरल्या.
वीस सेकंद.
तीन काळ्या कागदात गुंडाळल्या,
तीन तशाच, ट्यूबलाइटखाली.

बापू खाटेवरून विचारतात, "मंग, मरी ग्यात का?"
एकतीस वर्षं की-मॅन होते, भादलीच्या पट्ट्यात;
हातोड्याच्या आवाजावरून
रुळाचा तडा कळायचा त्यांना.

उजेडातले पुष्कळ वाचले, बापू.
दिव्याने शेजारची दोन अक्षरं चिकटतात,
त्यांवर एक प्रथिन येऊन बसतं,
उजेड लागला की सोडवतं.

"आन् अंधारात?"

अंधारात दुसरी टोळी निघते.
खराब तुकडा कापते,
समोरच्या धाग्यात बघून नवा भरते.
तोवर पेशी दुभंगत नाही.

"ब्लॉक घेतला म्हण.
गाडी आउटरला."

हो. आणि मोडतोड फारच असली
तर शेवटी उतरतो एक उतावळा कारागीर.
वाचता येत नाही तिथे
हाताला लागेल ते अक्षर ठोकतो.
चुकतो बऱ्याचदा. पण गाडी निघते.

बापू पंख्याकडे बघत राहतात.
मग, बऱ्याच वेळाने:
"एकदा मीही दुसऱ्याच मापाचा बोल्ट बसवला होता.
रात्री सव्वादोनला. वहीत नाही लिहिलं."

आज कागद सोडला.
तिसऱ्या थाळीत, कडेला,
एकच ठिपका, पिवळसर,
बाकी कुणासारखाच नाही.

त्याला नंबर दिला.
बापूंना अजून सांगितलेलं नाही.