टेबल

न्यायमंदिरातून कोर्ट दिवाळीपुऱ्याला गेलं
तेव्हा टेम्पोवाल्याने माझ्या एका टेबलाचे तीनशे मागितले.
शिसवी आहे, म्हटलं, बॅरिस्टर चित्र्यांचं,
त्यांच्याकडून दिघे वकिलांकडे, दिघ्यांकडून माझ्याकडे.
तो म्हणाला, बेन, लाकडुंज ने?
लाकूडच.

एक पाय आखूड. त्याच्याखाली दिघ्यांनी
कुठल्याशा कायद्याची प्रत घडी करून सारली होती.
उचलताना ती निघाली, आतून वाळवीने वाचलेली.
कायदा केव्हाच रद्द झालेला,
तरी चाळीस वर्षं काहीतरी उचलून धरत होता.
टेम्पोत कुठे पडली, कळलं नाही.

जुन्या खिडकीतून सुरसागर दिसायचा.
उलटतपासणीत साक्षीदार अडला
की सगळ्यांची नजर पाण्याकडे जायची,
एकदा तर न्यायाधीशांचीही, आणि त्यांनी
प्रश्न पुन्हा विचारायला सांगितला.
इथे लिफ्ट आहे. पाणी बाटलीत.

आणि टेबलांना जागा नाही.

महिनाभर जिन्याखाली उभं होतं ते, पाय वर करून,
गाईच्या कलेवरासारखं.
मी बुलेटच्या सीटवर वकालतनामे भरून घेतले
(बुलेट माझी नव्हे, मलेक ज्युनिअरची).
मग आम्ही अर्ज केला. शेकडो वकील, एक अर्ज,
आणि लिहिताना प्रत्येकाचं वाक्य वेगळं.
दुसऱ्यांसाठी तीस वर्षं ‘सबब विनंती की’ लिहिलं,
स्वतःसाठी लिहिताना स्वर चढला.
ठराव झाला. काम बंद.

त्या मंगळवारी माझ्याकडे एकच प्रकरण:
नरवत पढियार, वय एकोणीस,
पंपाची तांब्याची तार, जामिनाचा अर्ज.
त्याची आई रेवाबेन सावलीहून आलेली, पहिल्या बसने.
(सावली हे गाव आहे. आपल्याला ऐकू येते ती सावली
इथे कुणालाच ऐकू येत नाही.)
फाटकापाशी उन्हात बसली होती,
मांडीवर पिशवी, पिशवीत सातबारा,
ओळखीच्या कुणाचा तरी, जामीन राहायला.

साहेब नथी आव्या?
आलेत, मी म्हटलं. साहेब आलेत. वकील नाहीत.
तिने माझा काळा कोट पाहिला. गळ्यातली पांढरी पट्टी.
मग माझ्याकडे पाहिलं.
तो तमे कोण?

घरी मराठी बोलते, पुकारा गुजरातीत ऐकते,
निकाल इंग्रजीत वाचते, चिडले तर हिंदी.
चारांतल्या एकाही भाषेत
तिला देण्यासारखं काही सापडलं नाही.
मागणी रास्त होती आमची. आजही म्हणेन.
बसायला जागा नसेल तर माणूस कुणाचं काय ऐकून घेणार?
पण नरवत पाच दिवस आणखी आत राहिला,
त्या रास्तपणाच्या हिशेबात ते कुठे मांडायचं
मला कळलेलं नाही.
मलेक म्हणाला, मॅडम, पाचच दिवस.
मी त्याला चहा आणायला पाठवलं.

जागा मिळाली अखेर. झेरॉक्स आणि नोटरी यांच्या मधे,
हात पसरला तर दोघांनाही लागतो.
टेबल आणलं, पुसलं, आखूड पाय तसाच.
मी ठरावाची प्रत घेतली, घडी घातली, आणखी एक घडी.
एकच पान ते. पुरलं नाही.
दुसरं काही घालायचं म्हणून
खाली वाकले, आणि राहू दिलं.

आता कुणी सही करायला आलं की ते डुगडुगतं.
बेन, हलतंय, म्हणतात.
मी म्हणते, हो, हलतं.
एका हाताने दाबून धरा.

जामिनाच्या कागदावर
रेवाबेनने अंगठा टेकला
तेव्हा मी दोन्ही हातांनी धरलं होतं.
तरी ठसा थोडा फरकटला.
कारकून म्हणाला, चालशे.