डबा

"मादाम, हा आता डबा झालाय,"
दुकानातला पोरगा म्हणाला,
आणि माझा लॅपटॉप दोन बोटांनी माझ्याकडेच सरकवला.
नवी विंडोज ह्यात बसत नाही म्हणे.

डब्यांबद्दल मला नको सांगूस.
एकतीस वर्षं दुआर्ननेच्या कारखान्यात
मी सार्डिन डब्यात बसवले,
डोकी उडवलेले, एकाची मान दुसऱ्याच्या शेपटीशी.
बसत नाही असा मासा नसतो,
घाई असते बसवणारीला.

मग गुल्वेन आला. वीजकाम शिकतो,
गुरुवारी चर्चमागच्या खोलीत
लोकांचे टोस्टर उघडून बसतो.
मेणकापडावर त्यानं तीन पेनड्राइव्ह मांडले.
"फुकट?" मी विचारलं.
"मोकळं," तो म्हणाला. "कुणीही उघडावं, बदलावं,
शेजारणीला द्यावं."
म्हणजे जाळ्याची गाठ.
गाठ कुणाच्या मालकीची नसते,
पण प्रत्येकीची जरा वेगळी बसते.

"आणि लगेच बसवू नका. नुसतं चालवून बघा.
नाही आवडलं तर बंद करा,
मागे काही राहत नाही."
हे मला कुणी आधी का नाही सांगितलं?
कारखाना काय, नवरा काय,
दोन्ही मी थेट डिस्कवर बसवले.

पहिली देखणी होती.
ती उघडेपर्यंत माझे बटाटे सोलून झाले,
आणि पंखा असा घोंघावला
की मांजर कपाटावर.
दुसरी त्याची स्वतःची लाडकी:
काळा पडदा, त्यावर एक रेघ लुकलुकते.
"ह्यात सगळं तुम्हीच ठरवायचं."
बाळा, मला पत्र लिहायचंय,
गलबत नाही बांधायचं.
त्याचं तोंड उतरलं, म्हणून त्याला अजून एक केक दिला.

तिसरीच्या पाटीवर उंदीर.
कारखान्यात उंदीर दिसला की मुकादम किंचाळायचा.
पण हा दूध उतू जायच्या आत उघडला
आणि पहिलाच प्रश्न: कुठली भाषा?
गुल्वेनचं बोट फ्रेंचकडे निघालं होतं.
मी त्याचं मनगट धरलं.
वर, खूप वर, "ब"मध्ये,
ब्रेझोनेग.

ह्याच भाषेतल्या एका शब्दासाठी
शाळेत माझ्या गळ्यात लाकडी खडाव अडकवली होती,
संध्याकाळपर्यंत.
शब्द कुठला ते आठवत नाही. दोरी टोचायची ते आठवतं.

"दिगेरिं," पडद्यावर आलं. उघड.
दोन्ही हातांत टोपल्या घेऊन आई दाराशी उभी राहायची
आणि हेच ओरडायची.

खाली मात्र काही फ्रेंच,
आणि अगदी तळाशी इंग्रजी.
गुल्वेन ओशाळला. "अर्धवट आहे. पगार नसतो ना,
कुणीतरी काम सुटल्यावर रात्री बसून करतं."
असू दे. आमचं घरही असंच बोलायचं,
शिव्या एकीत, हिशोब दुसरीत,
आणि तिसरी फक्त रेडिओला यायची.

बसव, म्हटलं. हीच.

आता तीन आठवडे झाले. चालतोय डबा.
एकच शब्द खटकतो.
पत्र संपलं की तो विचारतो, "एनरोल्लां?"
नोंद करू का, असं. सरकारी.
आम्ही मिरूत म्हणायचो.
मिठात मासे मिरूत, फडक्यात लोणी,
जावेशी झालेलं भांडण, चाळीस वर्षं, मिरूत.
गुल्वेन म्हणाला, कळवा त्यांना, कुणीही कळवू शकतं.

म्हणून पहिलं पत्र बहिणीला नाही गेलं.
ते गेलं त्या रात्री बसणाऱ्याला:
शब्द बदल, आणि झोपत जा थोडा.

उत्तर नाही अजून.
असेल कामावर.