सेहेचाळीस नंबर

बाटल्या टपालाने यायच्या, सकाळच्या दुसऱ्या खेपेला.
एक सॉसची, एक खोकल्याच्या औषधाची,
एकीवर अजून व्हिस्कीचं लेबल,
आणि पोस्टमन दर वेळी तोच विनोद करायचा.
डंडीच्या गिरणीतल्या बायका त्या चिंध्यांत गुंडाळून देत.
आमच्या तळघराला त्यामुळे तागाच्या तेलाचा वास,
आणि दुसरा एक, तो काही सांगायला नको.

मी गाळून घ्यायचे.
मग सुई, बेडकीच्या पाठीच्या कातडीखाली.
ती केपहून बोटीने आलेली.
डोळे सदा वर, मागच्या पायांना काळी नखं,
आणि तोंडात जीभ नाही. या जातीला नसतेच.
मग झाकण. अंधार. रात्र.

सकाळी बरणी उचलून तळाशी बघायचं :
मोहरीएवढी अंडी, अर्धी काळी, अर्धी पांढरी,
म्हणजे कुणाला तरी दिवस गेलेत,
लॉकीमध्ये, नाहीतर हिलटाउनच्या चढावर.
तळ स्वच्छ असला, तर नाहीत.

निकाल डॉक्टरांना. बाईला नाही.
डॉ. रॅट्रेंनी तसं दारावर लिहूनच लावलं होतं,
आणि मी नोकरीला नवी.

त्या मंगळवारी सेहेचाळीस नंबरने
अख्खा तळ भरून टाकला होता.
मी मोजत बसले, मोजायची गरज नसताना.
खिडकीत आधी बूट दिसले.
मग बाई वाकली. केसांत तागाचा भुसा.
एप्रनचा निळा चौकडा मी ओळखला,
त्याचाच तुकडा कालच्या बाटलीला होता.

मागे टाइपरायटर चालू.
मी ओठांनीच म्हटलं, आवाज न करता :
होय.

मागांच्या खडखडाटात या बायका
उभा जन्म ओठांवर बोलतात.
तिनं एका नजरेत वाचलं.
मग तीही काही म्हणाली, काचेपलीकडून,
दोन शब्द, फार तर तीन.
मला कुठलं वाचता यायला.
बूट बराच वेळ तिथेच होते.

अंडी मी मोरीत सोडली, पाणी ओतलं.
सेहेचाळीस नंबरला कलेजीचा एक तुकडा जास्त दिला.
तो तिनं दोन्ही हातांनी तोंडात कोंबला.

अजून कधी कधी आरशासमोर
त्या बाईचे ओठ करून बघते.
सुरुवातीला ते मिटले होते, एवढं नक्की.
प असेल, ब असेल, म असेल :
तिन्ही सारखेच दिसतात.