मूळचं नाही ते

नेसरगीत पोचलो, तेव्हा नऊ वाजले असतील.
चहा नंतर म्हटलं,
आधी इंजिनावर हात ठेवला.
कोमट.
"पहाटेच चालू केलात काय ओ, सावकार?"
बसलिंगप्पा मिशीत हसला.
म्हातारं इंजिन गारठ्यात कसं उठतं
तेच तर बघायचं असतं.
गरम झाल्यावर काय,
कुणीही गोड बोलतंय.

डॉक्टर इंगवले कोल्हापूरचे.
शेडात त्यांच्या चार ट्रॅक्टर उभे आहेत,
धुतलेले, पुसलेले, नांगर न लागलेले.
त्यांचं एकच: "मेस्त्री, सगळं मूळचं पाहिजे."
"ओरिजिनल ऐति री," बसलिंगप्पा म्हणाला,
"नोड्री, नट सुद्धा."

झेटर. दोन सिलिंडरचा.
रंग इतका ताजा की रबरी पाइपही लाल,
ब्रशवाल्याला थांबायचं कुठं ते कळलं नव्हतं.
मडगार्डच्या आतून नखानं खरवडलं:
लालाखाली निळा, निळ्याखाली
म्हैसूर राज्याच्या काळातला नंबर,
कन्नड आकड्यांत.
डॉक्टरांना मी एकेक आकडा वाचून दाखवला.
चेसिसवरचा सात जरा तिरका होता.
ते दचकले.
म्हटलं, असू दे. खोटे नंबर सरळ ओळीत असतात.

ऑइलची पट्टी काळी, पण दुधाळ नाही.
स्टेअरिंगला तीन बोटं ढिलाई.
दुसरा गिअर उतारावर निसटतो,
हे बसलिंगप्पाच्या पोरानं न विचारता सांगितलं
आणि बापाकडं बघितलं नाही.
लिफ्टवर कुरी चढवून इंजिन बंद केलं,
मग चहा घेतला.
कप रिकामा होईतो कुरी बोटभर खाली आली.
चालतंय. माझाही उजवा हात आता तेवढा उतरतो.

मग वाकून मॅनिफोल्ड बघितला.
नळीच्या तोंडाशी, फ्लँजच्या कडेला,
तांदळाच्या दाण्याएवढा खड्डा.

उद्यमबागेत एकतीस वर्षं पॅटर्न केले मी, सागवानात.
त्या दुपारी लाइट गेली, छिन्नी घसरली,
दाणाभर लाकूड उडालं.
लांबी बुजवायला वेळ नव्हता,
मालक दारात, भट्टी लागलेली.
पुढं त्या पॅटर्नवर शेकड्यानं माल निघाला
आणि प्रत्येकाला तो दाणा.
बैलहोंगल, संकेश्वर, गडहिंग्लज,
सीमा कुठली का असेना,
मूळ मॅनिफोल्ड तडकला की आमचा बसायचा.
गल्ल्यावर त्याला डुप्लिकेट म्हणायचे.
आम्ही पण म्हणायचो.

डॉक्टर मागं उभे. बसलिंगप्पा बाजूला.
बोट त्या दाण्यावर.
न सांगता उठता आलं असतं,
दोघंही खूश झाले असते.
"हे मूळचं नाही," म्हटलं.
"खात्री?"
"माझंच आहे."

पाच हजार कमी झाले.
माझ्या हातच्या कामाची किंमत
पहिल्यांदाच एवढी स्पष्ट कळली,
तीही वजाबाकीत.
बसलिंगप्पा मला कन्नडमध्ये काहीतरी पुटपुटला,
ते डॉक्टरांना मी वाचून दाखवलं नाही.

डॉक्टर परदेशातनं खरा मागवणार आहेत.
"हा काढूनच ठेवा, भंगारात जाईल."
चार नट. तिसरा अडला,
डिझेल सोडून वाट बघितली, सुटला.
काजळीच्या आत लोखंड धड होतं. कुठं चीर नाही.
"मी नेऊ काय?" विचारलं.
डॉक्टर हसले, "न्या की. काय करणार?"
ते काही मला सुचलं नाही.

पोत्यात गुंडाळून बसमध्ये मांडीवर घेतला.
अजून ऊब होती, पँटमधनं लागत होती.
सांबऱ्याच्या अलीकडं कंडक्टर आला,
पोत्याला पायानं टेकला:
"येन् ऐति री इदु? लगेज?"
मी अर्धं तिकीट मागितलं.