बाकाची खोली

कोच म्हणतात, संघ ओळखावा बाकाच्या खोलीवरून.
खोली मला ठाऊक आहे:
सुहारमध्ये एकीतच राहतो आम्ही चौघं.
बाकावर सात. मी सातवा,
एसीच्या झोताखाली, टॉवेलवाला.

पुढच्या मोसमाची यादी फळ्यावर.
हैथम पास होऊन चालला,
रेनातोच्या वडिलांचं कंत्राट मार्चपर्यंतच,
बिनॉयचं कॅनडाचं पत्र आलंय.
कोच नाव पुसतात, मग बोट पँटला.

बाबा रोज विचारतात, खेळवलं का?
चार मिनिटं, म्हणतो मी. असतात अडीच.

आज पाचव्या जागी माझं नाव,
हैथमच्या अर्धवट पुसलेल्या अक्षरांवर.
'धनावडे'तला एक ए गळालाय. गळू दे.

टॉवेल अजून खांद्यावर, ओला.
तो कुणाकडे द्यायचा,
फळ्यावर लिहिलेलं नाही.