सायकलमन

उद्यमनगरात दिवसभर भट्टीपुढं.
घरी पोचतो तरी हात निवलेले नसतात,
म्हणून आधी हात धुतो, मग त्याच्याजवळ जातो.

उत्तरेच्या खिडकीत ठेवलंय.
ऊन नको त्याला, डोक्यावर पाणी तर नकोच;
चहाच्या बशीत ओततो, खालून पितं अर्ध्या तासात,
उरलेलं मोरीत.

नर्सरीतली शेवंताक्का म्हणालेली,
"सायक्लेमन थंडीपुरतंच. मार्चात मरतंय. टाका मग."
मार्चात पानं पिवळी पडली खरी.
"तुमचं सायकलमन गेलं," हाजरा म्हणाली.
मी गड्डा दाबून बघितला.
टणक.
साच्यातली वाळू चाचपणारी बोटं, फसत नाहीत.

कुंडी पलंगाखाली सारली, कोरडी,
पावसाळाभर चपलांच्या शेजारी.

गणपती गेले आणि एक पान, नखाएवढं.
पुन्हा खिडकी. पुन्हा बशी.

परवा पंचगंगेवर धुकं,
गुऱ्हाळाचा वास थेट गल्लीत,
आणि मान खाली घातलेल्या सात कळ्या.
आज एक उघडली. पाकळ्या सगळ्या मागं,
रंकाळ्याकडच्या उताराला
ब्रेक सोडलेल्या पोरीच्या केसांगत.

हाजरानं चहा आणला. नुसता कप.
बशी कुठंय, मी विचारलं नाही.